स, ला, ते आणि पोलंड

परभणीत इंग्रजीचा शिक्षक म्हणून हयात घालवताना मी दोन मतं ठामपणे बाळगली आणि ती विद्यार्थ्यांच्या गळी उतरवली. पहिलं मत असं की, इंग्रजी एकदा पक्की झाली की जगातली कुठलीही भाषा तिच्या आधाराने शिकता येते. दुसरं मत यातूनच आलेलं. मराठीचं व्याकरण, त्यातही विभक्तीचा तक्ता, ही परीक्षेतल्या चार-पाच गुणांपुरती गोष्ट. जन्मल्यापासून जी भाषा बोलतो तिचे 'स, ला, ते' मुलांकडून घोकून घेण्यात काय हशील? तो तास इंग्रजीला द्यावा. शिक्षकखोलीत मराठीच्या सरांशी यावरून माझे किती वाद झाले याला गणती नाही.

ही दोन्ही मतं आता माझी राहिलेली नाहीत. त्याचं कारण पोलंड.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही परभणीकर छाती फुगवून म्हणतो. का म्हणतो ते कुणी विचारू नये. पण जर्मनीच्या पूर्वेला लागून असलेल्या देशाशी माझा संबंध येईल असं कधी वाटलं नव्हतं. पुतण्या संगणकाच्या नोकरीत पोलंडच्या व्रोत्सवाफ शहरी गेला, मागोमाग सूनबाई आणि नात गेली. ऑफिसात इंग्रजी चालते, पण भाजीच्या दुकानात, दवाखान्यात, बालवाडीत चालत नाही. शिवाय तिथे दीर्घकाळ राहण्याचा युरोपीय परवाना हवा असेल तर 2018 पासून पोलिश भाषेचं बी-वन पातळीचं प्रमाणपत्र लागतं. तेव्हा दोघांनी पोलिशची इंग्रजी पुस्तकं आणली. महिन्याभरात पुतण्या थकला. मला म्हणाला, "काका, सात विभक्त्या हायत ह्यांच्यात. माणसानं शिकावं कसं?" तोवर मी निवृत्त झालो होतो, रिकामाच होतो. म्हटलं पानांचे फोटो पाठव, बघू तरी.

पुस्तक उत्तम होतं, यात वाद नाही. पण ते लिहिलं होतं इंग्रजी बोलणाऱ्यासाठी. पहिल्या प्रकरणातच वाचकाला धीर दिला होता: घाबरू नका, या भाषेत नामाचं रूप वाक्यातल्या कामाप्रमाणे बदलतं. मग हे बदलणं म्हणजे काय, ते समजवायला चार पानं. निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं, हे पचवायला दोन पानं. क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं, याला एक चौकट आणि एक इशारा. ती चौकट वाचून मला हसू आलं. इंग्रजी माणसासाठी आखलेला दम खात खात चढण्याचा घाट आमचा पोरगा मुकाट्याने चढत होता, आणि त्याचं घर तर घाटाच्या वरच होतं.

खरं डोक्यात शिरलं ते सूनबाईच्या एका फोनमुळे. "काका, बालवाडीतल्या बाई माझ्याकडं बघून हसायल्या. मी म्हणे पुरुषासारखं बोलायले." मुलीची शाळा का बुडाली हे सांगताना तिने स्वतःबद्दल 'बिवेम खोरि' असं म्हटलं होतं. नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं. पुस्तकात त्याचा अर्थ इंग्रजीत दिलेला, आणि इंग्रजीत 'मी आजारी होतो' आणि 'मी आजारी होते' यांत काडीचा फरक नाही. मी तिला म्हटलं, "अगं, तू 'होतो' म्हणालीस. बाईमाणसानं 'होते' म्हणायचं. बिवाम खोरा." एवढंच. तिला पुढे काही समजवावं लागलं नाही. चौकट नाही, इशारा नाही.

त्या संध्याकाळी मी वहीत दोन ओळी लिहून काढल्या. मी होतो, मी होते: बिवेम, बिवाम. तू होतास, तू होतीस: बिवेश, बिवाश. स्त्री-पुरुषाचा भेद तर जुळतोच, शिवाय 'तू'साठी शेवटी मराठीत 'स' आणि त्यांच्यात 'श'. पोलिश लिपीत या रूपांमध्ये आडवी रेघ मारलेला एक ल आहे, त्याचा उच्चार आज 'व' होतो. म्हणजे कागदावर तरी आपल्या 'गेला-आली'तल्यासारखा ल तिथे दिसतो. भाषाशास्त्राचे जाणकार सांगतात की आपला ल वेगळ्या वाटेने आला आणि त्यांचा वेगळ्या. म्हणून हा योगायोगच समजावा. शिकणाऱ्याला मात्र योगायोगही उपयोगी पडतो.

(जाता जाता: कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी जातो' असं बोलतात हे आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियातून सुटून आलेल्या पोलिश निर्वासितांची मोठी छावणी कोल्हापूरजवळ वळिवड्याला होती, 1943 ते 1948 या काळात. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्या पोरांच्या कानावर बाजारात जी मराठी पडली असेल ती नेमकी अशी! स्वतःच्या भाषेत बोलणाऱ्याचं लिंग काटेकोर पाळणाऱ्या त्या आयांना कोल्हापूरच्या भाजीवालीचं 'मी देतो की' ऐकून काय वाटलं असेल, हा विचार मला अधूनमधून छळतो.)

मग मला नादच लागला. सकाळी फिरून आलो की कृषी विद्यापीठाच्या बाजूच्या टपरीवर चहा, आणि घरी येऊन पोलिशचं पान.

सात विभक्त्यांचा बागुलबुवा आधी पाहू. शाळेतला तक्ता आठवा. प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, पंचमी, षष्ठी, सप्तमी आणि संबोधन. यातली पंचमी काढून टाका. उरल्या त्या पोलिशच्या सात. पंचमीचं 'हून'चं काम तिथे षष्ठी करते, आधी एक शब्दयोगी लावून. बाकी खाती तीच. आणि कामंही पुष्कळशी तीच. 'मी रेल्वेनं जातो' याला पोलिशमध्ये 'यादे पोचाँग्येम' म्हणतात. रेल्वे म्हणजे पोचाँग, आणि शेवटचा 'एम' हा आपला 'ने'. 'पेनानं लिहितो' तसंच. हाक मारताना नाव बदलतं, हेही इंग्रजी पुस्तकाला मोठं नवल वाटतं. आमच्या वर्गात 'मुलांनो, गप्प बसा' हे रोज घुमायचं, त्यात नवल कसलं?

याहून मौज आहे ती सामान्यरूपाची. हा शब्द मी कधी काळी कुचेष्टेने उच्चारायचो. 'सामान्यरूप ओळखा' हा प्रश्न मला सगळ्यात निरुपयोगी वाटे. आता बघा. पोलिशमध्ये कुत्रा म्हणजे 'प्येस', पण कुत्र्याला पाहिलं तर 'प्सा'. मधला स्वर गळाला. इंग्रजी पुस्तक म्हणतं, हे स्वर पळून जातात, सावध राहा. परभणीच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा: कापूस, पण कापसाला भाव. पाऊस, पण पावसात. स्वर पळतात की नाही? 'क्लासा' म्हणजे वर्ग, पण वर्गात असेल तर 'व क्लाशे'. स चा श झाला. पुस्तकात याला व्यंजनं मऊ होण्याचा भलामोठा तक्ता आहे. आपल्याकडे पैसा, पण पैशाला. मासा, पण माशाचा. ससा, पण सशाची. तोच स, तोच श. क चा त्स होतो, ग चा द्झ होतो, ते आपल्याकडे होत नाही आणि ते पाठच करावं लागतं. पण प्रत्यय लागताना शब्दाचं अंग बदलतं, ही कल्पनाच ज्याला परकी आहे त्याच्यात आणि आपल्यात फार अंतर आहे. क्राकुफ शहर, पण शहरात गेलं की 'व क्राकोव्ये'. इंग्रजी माणूस नकाशात क्राकोव्ये शोधत बसतो. आपण पुणे सोडून पुण्यात शिरतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

वाक्याच्या रचनेत तर मला घरच्यासारखं वाटलं. 'मला थंडी वाजते' हे इंग्रजीत सांगताना माणूस स्वतःच थंड होतो. पोलिशमध्ये तसं म्हटलं तर लोक समजतील की हा गृहस्थ कोरडा आहे, किंवा गार पडला आहे. तिथे म्हणायचं 'झिम्नो मि': थंड, मला. यातला 'मि' म्हणजे 'मला', आपला 'मी' नव्हे, एवढं ध्यानात ठेवायचं. झोप येते तेव्हा 'ख्त्से मि शे स्पाच', तहान लागते तेव्हा त्याच साच्यात 'पीच'. शब्दशः पाहिलं तर 'मला झोपावंसं वाटतं', 'मला प्यावंसं वाटतं'. भूक, थंडी, आवड, कंटाळा ही आपण करण्याची कामं नाहीत, ती आपल्याला येतात, लागतात, वाजतात. मराठी माणूस हे मानतो आणि पोलिश माणूसही. 'मला ही साडी आवडली' यात आवडण्याचं क्रियापद साडीप्रमाणे चालतं, माझ्याप्रमाणे नाही. तिथेही तसंच. मी इंग्रजीच्या वर्गात मुलांना मारून मुटकून 'मी आवडतो साडी' या घाटाचं वाक्य शिकवलं, कारण इंग्रजीत ते तसंच आहे. पुतण्याने पोलिश शिकताना आधी मनात इंग्रजी वाक्य केलं आणि मग त्याची पोलिश केली. दोन वेळा उलटं वळण घेऊन तो जिथून निघाला तिथेच येत होता.

आणखी एक. 'जाननं आपली सायकल विकली' आणि 'जाननं त्याची सायकल विकली' यांतला फरक मराठीत लहान मुलालाही कळतो. दुसऱ्या वाक्यात जानने भलत्याचीच सायकल विकली असा संशय येतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. पोलिशमध्ये पहिल्यासाठी 'स्वुय', दुसऱ्यासाठी 'येगो'. इंग्रजीतून शिकणारा 'येगो' वापरतो आणि चोरीचा आळ घेऊन बसतो. 'मी टेबल पाहतो' पण 'मी भावाला पाहतो', निर्जीवाला 'ला' नाही आणि जिवंत माणसाला आहे, हा आपला रिवाज. पोलिशमध्ये पुल्लिंगी नामांपुरता अगदी असाच भेद आहे: टेबल जसंच्या तसं, पण 'ब्रात' म्हणजे भाऊ, तो दिसला की 'ब्राता'. तोंडावर बोलतानाही माणसाला तृतीय पुरुषात ठेवून मान द्यायचा, हेही आपल्या ओळखीचं. 'सरांनी चहा घेतला का?' असं सरांनाच विचारणारे पालक मी आयुष्यभर पाहिले. पोलिशमध्ये अनोळखी गृहस्थाला 'चि पान मा चास?' म्हणजे 'साहेबांना वेळ आहे का?' असं त्याच्याच तोंडावर विचारायचं. बाईमाणसाला 'पानी'.

आणि हो, त्यांच्याकडे इंग्रजीतलं 'द' नाही, 'अ' नाही, 'अॅन' नाही. माझी अर्धी हयात मुलांना 'द' कुठे लावायचा आणि कुठे नाही हे शिकवण्यात गेली. पोलिशमध्ये हा काच मुळातच नाही हे वाचलं तेव्हा मला कुणाचा तरी फार राग आला, कुणाचा ते ठरवता आलं नाही.

इतकं ऐकून कुणाला वाटेल की मी 'संस्कृत ही सगळ्या भाषांची जननी' या गटात जाऊन बसलो. नाही. ते निरोप माझ्याही फोनवर येतात. पोलिश आणि मराठी या लांबच्या नात्यातल्या आहेत, शंभराला ते 'स्तो' म्हणतात आणि आपलं जुनं 'शत' आहे, भाऊ 'ब्रात' आहे, हे सगळं खरं. पण आई-मुलीचं नातं नाही. आणि शब्दांच्या या सारखेपणाने रोजचं वाक्य बोलता येत नाही. अशा याद्या वाचून ऊर भरून येतो आणि पोलिशचं एक वाक्यही बनत नाही.

जिथे मराठी हात देत नाही त्या जागाही आहेत, आणि त्या लपवल्या तर मी पुन्हा जुन्याच चालीवर गेलो असं होईल. 'माझ्याकडे वेळ आहे' म्हणताना 'माम चास', पण नाही म्हटलं की वेळ षष्ठीत जातो, 'न्ये माम चासु'. नकाराने नामाचं रूप बदलावं, याला मराठीत तोड नाही. 'मी शिक्षक आहे' म्हणताना शिक्षक तृतीयेत, जणू 'शिक्षकाने आहे'. दोन, तीन, चार मांजरं 'कोति', पण पाचव्या मांजरापासून 'कोतुफ', म्हणजे 'मांजरांचे पाच' असं काहीतरी, आणि क्रियापद एकवचनी नपुंसकलिंगी. बावीसला पुन्हा पहिलं रूप, बाराला मात्र नाही. यावर माझी सूनबाई म्हणाली, "काका, मी चारच वस्तू घेते दुकानात." अनेकवचनात पुरुष एका पंगतीला आणि बायका, मांजरं, टेबलं सगळी दुसऱ्या पंगतीला, हेही आहे. ते पाहून तिला जे वाटलं ते तिने पोलिशमध्ये सांगितलं नाही, मराठीत सांगितलं. शिवाय मराठीचे प्रत्यय मोजके आणि स्पष्ट, तर तिथे लिंग, वचन, विभक्ती यांचा एकच गोळा शेवटी चिकटतो. तो पाठच करायचा. म्हणजे मराठी माणसाला पोलिश सोपी आहे असं मी म्हणत नाही. ती जिथे अवघड आहे त्या जागा वेगळ्या आहेत, एवढंच म्हणतो.

माझं मत बदललं ते नेमकं इथे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषाप्रशिक्षण संस्था आहे, तिने भाषांच्या अवघडपणाच्या पायऱ्या केल्या आहेत. पोलिश ज्या पायरीवर, त्याच पायरीवर हिंदी: वर्गातले सुमारे 1100 तास. हिंदीला 1100 तास! आमच्या परभणीत दर्ग्याच्या उरुसात पाळणेवाल्याशी घासाघीस करणारं पोर हिंदी किती तासांत शिकतं? ते मोजमाप इंग्रजी बोलणाऱ्याच्या डोक्याचं आहे, भाषेचं नाही. आम्ही इंग्रजी पुस्तकं घेतली, ठीक. त्यांच्यासोबत इंग्रजी माणसाची भीतीही घेतली. त्याला जे अवघड ते आपल्यालाही अवघड, हे न तपासताच मान्य केलं.

हे खरं तर मला माझ्या घरातच कळायला हवं होतं. माझे वडील निजामाच्या राजवटीत शिकले. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि शाळा उर्दूतून चालायची. घरी मराठी, शाळेत उर्दू. 'को' म्हणजे आपला 'ला', 'ने' म्हणजे आपला 'ने', पण 'मैंने' कुठे येतं ते सांभाळ, असं त्यांना कुणा मोठ्या मुलाने सांगितलं होतं, आणि त्या पिढीची उर्दू लिपीसकट पक्की होती. मध्ये तिसरी भाषा आणावी लागली नाही. मी हे लहानपणापासून ऐकलं आणि तरी इंग्रजीलाच किल्ली म्हणत राहिलो, कारण माझी भाकरी त्या किल्लीवर होती. हेही लिहून टाकलेलं बरं.

मराठी व्याकरणाच्या सरांकडेही मी गेलो होतो. ते आता थकलेत. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि वर मलाच गप्प केलं. म्हणाले, तक्ता घोकून घेणं हे वाईटच होतं, त्यात तुमचं चुकलं नव्हतं. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर, विभक्त्या आल्या संस्कृतातून. मोरो केशव दामल्यांनी 1911 साली मोठा ग्रंथ केला. पुढे मंगरूळकर, अर्जुनवाडकर यांनी मराठीला आठ विभक्त्या खरंच आहेत का असे प्रश्न विचारले. यातलं शाळेत पोचलं फक्त 'स, ला, ते'. 'ला' काय काय कामं करतो हे कुणी विचारलंच नाही. रामाला पाहिलं, रामाला दिलं, रामाला थंडी वाजली, रामाला जायचं आहे, चारला ये. एक 'ला', पाच कामं. ही कामं जो ओळखतो त्याला पोलिशमधल्या द्वितीया-चतुर्थीचा फरक एका दिवसात कळेल. यावर मला उत्तर नव्हतं, आणि द्यावंसंही वाटलं नाही.

म्हणून माझं आजचं मत असं. शाळेत विभक्ती शिकवावी, पण तक्ता पाठ करून घेण्यासाठी नाही, प्रत्ययाचं काम ओळखण्यासाठी. गुण कमी ठेवले तरी चालतील. आणि पोलिश, रशियन, जर्मन, जी कुठली भाषा मराठी पोरं पोटासाठी शिकतात, तिची इंग्रजी पुस्तकं जरूर घ्यावीत, त्यांतले तक्ते आणि उदाहरणं वापरावीत, पण 'घाबरू नका' असं जिथे लिहिलं असेल तिथे थांबून विचारावं की हे मला मराठीत आधीच येतं का. आलं तर ते पान उलटावं. वाचलेला वेळ पाचव्या मांजरापासून पुढच्या मोजणीला द्यावा.

पोलंडमध्ये आज मराठी कुटुंबं वाढताहेत. त्यांच्यातल्या ज्यांची पोलिश पक्की झाली आहे त्यांनी मराठीतून पोलिश शिकवणारं एक लहान पुस्तक लिहावं, शंभर पानांचं पुरे. माझ्या वहीतल्या नोंदी अर्धवट आहेत, त्यांत चुकाही असतील, कारण मी ती भाषा कागदावरच पाहिली आहे. पण कुणी हे काम हाती घेणार असेल तर वही पाठवून द्यायला मी तयार आहे, टपालखर्च माझा.